उभी सावली

दादाला संस्थेत सगळे ‘भोवरेवाले’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण भिंती पातळ होत्या आणि दादाचे कान चांगले होते. त्याला त्या नावाचा राग नव्हता. उलट कोणी नवीन रुजू झालं की तोच हात पुढे करायचा, "मी भोवरेवाला. तुम्हाला नको असलेले तारे माझ्याकडे टाकत चला."

आणि लोक खरंच टाकत. दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह आहे की नाही, हे ओळखायची सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली रीत अशी, की ताऱ्याचा प्रकाश फाकवून त्याचा वर्णपट काढायचा आणि त्यातल्या काळ्या रेघा बघायच्या. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, तारा हलतो, रेघा हलतात. पण काही तारे भोवऱ्यासारखे स्वतःभोवती इतक्या जोरात गरगरतात, की ओल्या कागदावर शाई फुटावी तशा त्यांच्या रेघा पसरून जातात. पसरलेल्या रेघेचं हलणं कोण मोजत बसणार? असा तारा दिसला की फुली मारून मोकळं व्हायचं, हा शिरस्ता होता. दादाला तो मुळीच मान्य नव्हता. "मोजता येत नाही म्हणून ग्रहच नाही, हा कुठला न्याय?" तो म्हणायचा. "घरात वजनकाटा नाही म्हणून माझं पोट सुटायचं थांबलंय का?"

त्याची रीत वेगळी होती. एखादा दांडगा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून फिरत असेल, तर तो आपल्या आणि ताऱ्याच्या मधून जाताना ताऱ्याचा एवढासा तुकडा झाकतो, उजेड तेवढा कमी होतो. पसरलेल्या रेघेत तेवढ्या जागी एक बारीक उंचवटा येतो. ग्रह सरकतो तसा उंचवटाही सरकतो. मग ओळीने टिपलेले सगळे वर्णपट एकाखाली एक मांडायचे, प्रत्येकातून ताऱ्याची स्वतःची सरासरी वजा करायची, की पडद्यावर एक फिकट तिरपी रेघ उरते. ती ग्रहाची सावली. ती दिसली तर ग्रह खरा. नाही दिसली, तर ताऱ्याचा उजेड मधूनमधून कमी होतोय तो भलत्याच कारणाने, आणि आपण इतके दिवस उगाच नाचलो असं समजायचं.

मांडायचं आणि वजा करायचं काम दादाची धाकटी बहीण करायची. ती त्याच संस्थेत होती. वशिल्याने लागली अशी कुजबुज सुरुवातीला झाली, पण जो कुजबुजला त्याची एकदा तिच्याशी गाठ पडली की त्याचं तोंड बंद व्हायचं. दादाने लहानपणीच तिचं नाव ‘मास्तरीण’ ठेवलं होतं. दुसऱ्याची चूक दिसली आणि ही गप्प बसली, असं कधी घडलंच नव्हतं. दादाच्या लग्नात तो हौसेने गायला उभा राहिला, सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही नवऱ्या मुलाला भर मांडवात म्हणाली, "दुसरं कडवं बेसूर होतं." नव्या नवरीने हसू दाबलं. ती वहिनी पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगत राहिली.

दादाच्या पोटात गाठ निघाली तेव्हाही असंच झालं. डॉक्टर गोलगोल बोलले, वहिनी "सगळं ठीक होणार आहे" एवढंच घोकत राहिली, मित्र फळं ठेवून जमिनीकडे बघत निघून गेले. मास्तरणीने रिपोर्ट दोनदा वाचला आणि दादाच्या पलंगाशी बसून सांगितलं, "पसरलंय. बरं होणार नाही. काही महिने मिळतील." बाहेर येऊन ती जिन्यात बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली, ते कोणाला दिसलं नाही. दादाने मात्र त्या दिवसापासून तिच्याखेरीज कोणाला काही विचारायचं सोडून दिलं. "बाकीचे माझी समजूत घालतात," तो म्हणायचा. "मास्तरीण नाही म्हणाली म्हणजे नाही, आणि हो म्हणाली म्हणजे हो."

त्या काही महिन्यांत त्याला एकच गोष्ट हवी होती. एवढी वर्षं भोवऱ्यांच्या मागे लागून त्याच्या पदरात एकही ग्रह पडला नव्हता. काही खोटे निघाले, काही दुसऱ्यांनी आधी गाठले. आता एकच तारा उरला होता. त्याचा उजेड ठरावीक अंतराने बेताबेताने कमी व्हायचा, पुन्हा पूर्ववत व्हायचा. दादाच्या मते तिथे ग्रह होता. "मला हा एक मिळू दे," तो म्हणाला, "मग मी कोणाशी भांडणार नाही."

दुर्बीण पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला होती. तिथे रात्र असायची तेव्हा यांच्या खिडकीत लख्ख दुपार. म्हणून तारे बघायचे ते जेवणानंतर, पडदे ओढून, चहा घेत. ग्रह ताऱ्यासमोरून जाणार होता त्या दुपारी दादा केस गळलेलं डोकं टोपीखाली लपवून आला. पडद्यावर दुर्बीणवाला दिसला. दुर्बीण हलवायची, आभाळाकडे लक्ष ठेवायचं आणि तिकडच्या थंडीबद्दल कुरकुर करायची, ही त्याची कामं. दादाचं आणि त्याचं गूळपीठ होतं.

"सर, बारीक झालात," दुर्बीणवाला म्हणाला.

"तुमच्या पडद्याचा दोष असेल," दादा म्हणाला. "आभाळाचं बोला."

आभाळ गच्च भरलेलं होतं. ग्रहाची ताऱ्यावर चढायची वेळ आली आणि गेली. दादा टोपी काढून डोकं खाजवत होता, पुन्हा घालत होता. मास्तरीण पडद्यावरची नजर हलू देईना. मग ढग फाटले. दुर्बीणवाल्याने ताऱ्यावर नेम धरला आणि वर्णपट यायला लागले, एकामागून एक, स्वच्छ. ग्रह असलाच तर या क्षणी ताऱ्याच्या तोंडासमोर होता. दादा खुर्चीच्या टोकाला येऊन बसला होता. पण ग्रह उतरायच्या आतच दुर्बिणीवरची यांची वेळ संपली. पुढच्या गटाने दुर्बीण मागितली. दादाने विनवण्या करून पाहिल्या. त्यांनी दाद दिली नाही.

"हरकत नाही," दादा म्हणाला. "मधला भाग मिळाला. सावलीला तेवढं पुरे."

संध्याकाळपर्यंत मास्तरणीने सगळं मांडलं. आता वजा करायला ताऱ्याचा नुसता, ग्रहाशिवायचा वर्णपट हवा होता. तो नेहमी आधीचा नाहीतर नंतरचा घेतात. इथे आधी ढग आणि नंतर दुसऱ्यांची पाळी, म्हणजे दोन्ही नव्हते. तिने मग होते त्याच वर्णपटांची सरासरी काढली. सावली चालती असते. प्रत्येक वर्णपटात ती वेगळ्या जागी असणार, म्हणजे सरासरीत विरघळून जाणार. अशी तडजोड तिने पूर्वीही केली होती, दादानेच तिला ती शिकवली होती. तिने वजाबाकी केली. पडदा करडा, सपाट होता. तिने पुन्हा केली. पुन्हा तेच.

दादा शेजारच्या खोलीत वाट बघत होता. तिला आत जायला पाय उचलेना, पण ती गेली.

"नाही दादा. सावली नाही."

"तिरपी, फिकट, कुठेतरी कोपऱ्यात?"

"कुठेच नाही. मी दोनदा पाहिलं."

दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "बरं झालं बाई, निकाल लागला. नाहीतर जीव टांगणीला राहिला असता." त्याने त्याच बैठकीत जगभरातल्या सहकाऱ्यांना कळवून टाकलं की हा तारा बाद, इथे ग्रह नाही, कोणी वेळ घालवू नये. मास्तरणीने ते वाचून एक स्पेलिंग दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्याने टेबल आवरलं, संचालकांच्या हातात किल्ली दिली आणि तो घरी गेला. जाताना कोणाला भेटलासुद्धा नाही. भोवरेवाल्यांनी हात टेकले, अशी बातमी संस्थेत फिरली. मास्तरणीला ती ऐकून कोणाचा तरी गळा धरावासा वाटला, पण धरायचा कोणाचा? बातमी खरीच होती.

घरी दादा झपाट्याने खचला. आजार तर होताच, पण आता त्याला सकाळी उठायला कारण उरलं नव्हतं. वहिनी खिडकीचे पडदे उघडायची, तो डोळे मिटून घ्यायचा. वहिनी एकदा मास्तरणीला दारापाशी गाठून म्हणाली, "अगं, ते चिडत नाहीत, कुरकुरत नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं." त्या दिवशी मास्तरीण आत गेली, तेव्हा उशीवर तो पिवळा, हाडं वर आलेला चेहरा होता. आणि जन्मात जे केलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"आज जरा बरा दिसतोयस."

दादाने डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला. "मास्तरीण, तूसुद्धा? म्हणजे माझं काही खरं नाही म्हणायचं."

ती लाजली. मग दोघंही हसली. निघताना तिला आपण मोठा गुन्हा करून बसल्यासारखं वाटत होतं, आणि थोडं हलकंही.

त्यानंतरच्याच आठवड्यात दुर्बीणवाल्याचा निरोप आला. तो तिच्याशी कधी फार बोलत नसे. तिला बहुतेक घाबरायचा. "सरांचा फोन लागत नाही म्हणून तुम्हाला कळवतोय. परवा एका कामात मधे थोडा वेळ रिकामा होतो, आभाळ मोकळं होतं. सरांच्या भोवऱ्याचे दोन वर्णपट घेऊन ठेवलेत. बाद झालाय ते माहीत आहे. पण सरांचा आवडता तारा, म्हणून घेतले. त्यांना दाखवा." तिने आभार मानले. त्या वेळी ग्रह, असलाच तर, ताऱ्यासमोर नव्हता. नुसता तारा. तिने ते वर्णपट उघडले ते केवळ नीट जपून ठेवावेत म्हणून, आणि सवयीने तिच्या जुन्या सरासरीच्या शेजारी मांडले.

दोन्ही सारखे असायला हवे होते. सारखे नव्हते. तिच्या सरासरीत, रेघेच्या मध्यापासून जरा डावीकडे, एक उंचवटा होता. नव्या वर्णपटात तो नव्हता.

काय झालंय ते तिला तत्काळ कळलं, कारण हे कळणं हाच तिचा धंदा होता. गरगरणाऱ्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी आपल्यापासून लांब जात असते. ग्रह आडवा गेला तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो आणि सावली चालते. पण हा ग्रह आडवा जातच नव्हता. तो ताऱ्याच्या डोक्यावरून पायाकडे, ध्रुवाकडून ध्रुवाकडे जात होता. त्याची बाजू बदलतच नव्हती. म्हणून सावली प्रत्येक वर्णपटात एकाच जागी ठाण मांडून बसली होती, म्हणून ती सरासरीत पुरीच्या पुरी उतरली होती, आणि मास्तरणीने सावलीतून सावली वजा केली होती. शिल्लक काय राहणार? ग्रह पहिल्यापासून तिथे होता. तो हिने, हिच्या हाताने पुसला होता.

तिने नव्या वर्णपटांनी वजाबाकी केली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक फिकट रेघ उभी राहिली. सरळ, ताठ. आजवर दोघांनी पाहिलेल्या सगळ्या सावल्या तिरप्या होत्या. अशी कधी पाहिली नव्हती.

दुसरी कोणी असती तर चप्पल पायात सरकवून तशीच धावत सुटली असती. मास्तरीण सुटली नाही. एकदा त्याला चुकीचं सांगून झालं होतं. आता पुन्हा चुकले तर? मरणाऱ्या माणसाच्या हातात ग्रह द्यायचा आणि परत काढून घ्यायचा? खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवलं आणि ती तपासायला बसली. यंत्राचा दोष आहे का, चंद्राचा उजेड मिसळलाय का, ताऱ्यावरचाच डाग आहे का. वहिनीचा फोन आला, "येतेस का गं? आज तुझी आठवण काढत होते." ती म्हणाली, "थोडं काम उरलंय, वहिनी, येतेच." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. पुन्हा तेच उत्तर गेलं. वहिनीला राग आला असणार, पण तिने नुसतं "बरं" म्हणून ठेवून दिला. मास्तरणीने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. रेघ जागची हलली नाही. आकार जुळला, वेळ जुळली, ताऱ्याचा उजेड जेवढा कमी व्हायचा तेवढीच सावली भरली. आता शंकेला कुठे जागा उरली नव्हती.

ती गेली तेव्हा वहिनी दारातच म्हणाली, "काल रात्रीपासून दुखणं फार वाढलं. डॉक्टरांनी जोराचं औषध सुरू केलंय. मधेच ओळखतात, मधेच नाही. काल सकाळी किती स्वच्छ बोलत होते गं."

काल सकाळी ती चंद्राचा उजेड तपासत होती.

दादा डोळे अर्धे मिटून पडला होता. तिने त्याचा चष्मा पुसून त्याच्या नाकावर ठेवला, लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर धरला.

"दादा, ऐक. ग्रह आहे. सापडला. चूक माझी होती, मी सरासरीत सावलीच धरली होती. आता दुसरे वर्णपट मिळाले, त्यांनी वजा केलं. हे बघ. ही बघ सावली."

दादाने बघितलं. बराच वेळ बघितलं. बोट उचलून पडद्यापाशी नेलं आणि रेघेवरून वरून खाली फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं, आणि मास्तरणीला वाटलं, कळलं, याला कळलं.

"उभी?" तो म्हणाला.

"हो, उभीच! म्हणून तर—"

"सावली चालते गं." आवाज अगदी मऊ होता, लहानपणी तिला सायकल शिकवताना असायचा तसा. "काढायचीच होती, तर तिरपी तरी काढायचीस."

तो काय म्हणतोय हे तिला पटकन उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिने लॅपटॉप पांघरुणावर ठेवून दिला.

"दादा, मी काढली नाही. खरी आहे ती. तुझी शपथ."

"बरं."

"बरं नको म्हणूस! तो ध्रुवावरून जातोय, दादा, वरून खाली. बाजू बदलत नाही म्हणून उंचवटा सरकत नाही. विचार कर ना जरा, तुला कळेल. दुर्बीणवाल्याला विचार. मी दोन दिवस तपासलंय, सगळं तपासलंय."

तिचा आवाज चढला होता. दादाने सुई टोचलेला हात कसाबसा उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"मास्तरीण," तो म्हणाला, "माझ्यासाठी दोन दिवस बसून एवढं खोटं रचलंस. तू. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू."

त्याचे डोळे मिटले. ती बोलत राहिली. आकार सांगितला, वेळ सांगितली, उजेडाचा हिशेब सांगितला, झोपलेल्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं समजावून दिलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो पुन्हा बोलण्याइतका जागा झालाच नाही. दोन दिवसांनी गेला.

संस्थेत शोकसभा झाली. भोवरेवाले म्हणून पाठीमागे हसणारी माणसं पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. संचालकांनी उभं राहून सांगितलं, की दुसऱ्या गटानेही पडताळून पाहिलंय, ग्रह खरा आहे, आणि अशा उभ्या चालीचा ग्रह संस्थेत याआधी कोणाला सापडला नव्हता. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. मग कोणीतरी वाजवल्या. मास्तरीण मागच्या भिंतीला टेकून उभी होती. दोन दिवस, तिच्या मनात एवढंच चाललं होतं. ते दोन दिवस मी काय करत होते? खात्री करत होते. खात्री तिची झाली होती, त्याची नाही.

सभा संपल्यावर वहिनी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, पण डोळ्यांत आज काहीतरी उजळ होतं. तिने मास्तरणीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"हे सगळं तू यांना सांगितलंस ना? त्या दिवशी लॅपटॉप घेऊन आलीस, ते हेच सांगायला ना?"

"हो."

"कळलं ना त्यांना? मी दारातून पाहिलं, हसत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

"हो वहिनी. हसत होता."

"मग समाधानाने गेले," वहिनी म्हणाली आणि तिचा बांध फुटला. "एवढं आयुष्य ज्याच्यापायी घालवलं, ते मिळालं हे कळून गेले. मला आता दुसरं काही नको."

मास्तरणीने तोंड उघडलं. मग तिने वहिनीला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि ते वाक्य जसं होतं तसं राहू दिलं.